काटेवाले सरांची अर्धी भाकरी

काटेवाले सर माणसाच्या तोंडाकडे आधी बघत नसत, पोटाकडे बघत. शाळेत नवा मुलगा आला, कोणाचे वडील भेटायला आले, शिक्षणखात्याचा साहेब आला, की सरांची नजर आधी खाली जाणार, तिथं जरा थांबणार आणि मग ते स्वतःशीच एक आकडा पुटपुटणार. तो आकडा म्हणजे त्या माणसाचं वजन. एकदोन किलोच्या वर ते कधी चुकले नाहीत. एकदा आमचे हेडमास्तर धोतराचा सोगा सावरत मैदानातून चालले होते. सर आमच्यादेखत "शहात्तर" म्हणाले आणि पुढे वर्षभर सातवीचा वर्ग हेडमास्तरांना शहात्तर म्हणत होता.

ही विद्या त्यांना जिनिंगमध्ये मिळाली होती. त्यांचे वडील जिंतूरच्या एका जिनिंगमध्ये कापसाची ओझी वाहायचे आणि सर कॉलेजात असताना सुट्टीत तिथल्या मोठ्या काट्यावर जोखायला उभे असायचे. पुढे ते आमच्या हायस्कुलात पीटीचे शिक्षक म्हणून लागले, तेव्हा जिनिंगवाल्यांनी भंगारात काढलेला एक जुना काटा त्यांनी मागून आणला. खाली लोखंडी पाट, वर दांडी, दांडीवर सरकणारं वजन. तो हातगाडीवर घालून भर बाजारातून स्वतः ढकलत आणला आणि शाळेच्या व्हरांड्यात मांडला. त्या दिवसापासून त्यांचं खरं आडनाव पोरं विसरली.

मी हे चिडून लिहितो आहे, हे आधीच सांगून टाकतो. चाळीस वर्षं होऊन गेली, राग काही जात नाही. कधी तो सरांवर निघतो, कधी अण्णांवर, म्हणजे माझ्या वडिलांवर. पण फिरून फिरून तो माझ्याच डोक्यावर येऊन बसतो.

मी तेव्हा बारा वर्षांचा होतो आणि मला सगळे ढोल्या म्हणत. आमचं घर खातंपितं. जमीन भरपूर, दूधदुभतं घरचं, आणि अण्णा शाळा चालवणाऱ्या संस्थेचे संचालक. अशा घरातलं पोरगं अंगानं भरलेलं असणं ही घराची शोभा होती. दीड वर्षाचा असताना मी सुदृढ बालक स्पर्धेत पहिला आलो होतो. म्हणजे काय, तर जमलेल्या पोरांत सगळ्यांत जाड मी निघालो. बक्षिसाची तसबीर बैठकीत लावलेली होती. पण बक्षीस घेऊन घरी आलो आणि त्याच आठवड्यात मला जुलाब लागले. मायनं ठरवून टाकलं, की चारचौघांत काट्यावर बसवल्यामुळे लेकराला दृष्ट लागली. तेव्हापासून मला कुठंही जोखायचं नाही, असा आमच्या घरात कायदाच होता. दवाखान्यात डॉक्टरांनी काट्याकडे बोट दाखवलं तरी माय मला उचलून बाहेर न्यायची.

सरांना हे कुठून माहीत असणार? त्यांनी एका सकाळी सगळ्या वर्गाला ओळीनं काट्यावर उभं केलं आणि वहीत वजनं लिहून घेतली. निम्म्या वर्गाच्या बरगड्या मोजता येत होत्या. कोणी पंचवीस, कोणी सत्तावीस. माझ्या वेळी दांडीवरचं वजन सरकत सरकत बावन्नवर गेलं आणि पोरं खिदळायला लागली. सरांनी शिट्टी मारली. ते चिडले की पुस्तकी मराठी सोडून घरच्या बोलीवर यायचे. "हसता काय? अर्ध्या वर्गाला खायला न्हाई अन् हे दोघंतिघं खाऊन मरायलेत. दोन्ही रडायच्याच गोष्टी हायेत." मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "विलास, उद्यापासून सात वाजता मैदानावर ये." मला विलास म्हणणारा त्या शाळेतला तो एकच माणूस होता.

त्या संध्याकाळी कोणीतरी मायला बातमी पोचवली. तिनं मीठमिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या, दोन दिवस मला शाळेत पाठवलं नाही आणि ताटात तुपाची धार वाढवली. सोन्यासारखं पोरगं जोखून ठेवलं मेल्यानं, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती. तिचा राग जोखण्यावर जेवढा होता, तेवढाच जोखणारा कोण, यावरही होता. सर बौद्ध होते. विद्यापीठाच्या नामांतरावरून तेव्हा सगळा मराठवाडा धुमसत होता. दोनतीन वर्षांपूर्वी गावोगाव दलितवस्त्यांत जे झालं होतं त्याबद्दल मोठी माणसं आमच्यासमोर बोलत नसत, आणि बोललीच तर आवाज खाली यायचा. सरांच्या हातचं पाणीसुद्धा आमच्या घरात चाललं नसतं.

शाळेच्या फाटकाला लागूनच भज्यांचा गाडा होता. मिरचीचे भजे, कांद्याचे भजे, समोसे, गुलगुले. गाडेवाले मामा सकाळी कढईत जे तेल ओतत ते शाळा सुटेपर्यंत तेच, आणि उरलं तर उद्यालाही तेच. हा गाडा तिथं लावायची परवानगी अण्णांनीच दिलेली होती, कारण संस्थेच्या बैठकीला गरम भजे आयते यायचे. मला घरून डबा नसायचा. डबा म्हणजे गरिबाघरचं लक्षण. मला रोज भज्यांचे पैसे मिळायचे आणि ते पैसे असणं ही वर्गात केवढी तरी मोठी ऐट होती.

सरांनी मामांशी कधी भांडण केलं नाही. मधल्या सुट्टीत ते फाटकापाशी येऊन गाड्याकडे पाठ करून नुसते उभे राहत, गळ्यात शिट्टी, हात मागे. पोरांची पुढे जायची छातीच होत नसे. मामा कुरकुरले, की तुमच्यामुळं धंदा बसायलाय, तर सर म्हणाले, "मी उभाय फक्त. उभं राहायला बंदी हाय का?" एकदा त्यांनी एक भजा वर्गात आणला, वर्तमानपत्राच्या कागदात दाबला आणि तो कागद खिडकीत धरला. कागदातून आरपार लिंबाचं झाड दिसत होतं. "कागदाचं हे झालं. पोटाचं काय होत असंल?" एवढंच विचारून त्यांनी फळ्यावर कवायतीचे प्रकार लिहायला घेतले. आम्ही आठ दिवस भजे खाल्ले नाहीत. नवव्या दिवशी खाल्ले.

मैदानावर मी जायला लागलो. घरी सांगितलं, की गणिताचा जादा तास आहे. पहिल्या दिवशी अर्धी फेरीही झाली नाही, मी खाली बसलो आणि ओकलो. सर ओरडले नाहीत. त्यांचे कॅनव्हासचे बूट होते, ते खडूचे तुकडे घासून पांढरे करायचे त्यांना भारी वेड. माझ्या शेजारी बसून ते बूट घासत राहिले आणि माझा दम परत आल्यावर म्हणाले, "झालं? आता चालत पूर्ण कर." पुढे मी चालायचो आणि सर शेजारून उलटे पळायचे, माझ्याकडे तोंड करून, गप्पा मारत. दिवाळीनंतर मी चार फेऱ्या न थांबता पळालो. त्या दिवशी मला जो आनंद झाला तसा पुढे फार थोड्या वेळा झाला. बुटाची लेस बांधायला मला तोवर कोणीतरी लागायचं, ती मी पहिल्यांदा स्वतः वाकून बांधली.

सुट्टीत सर लिंबाखाली एकटे जेवायचे. बाकीचे शिक्षक आत शिक्षकांच्या खोलीत बसत, तिथं माठ होता, गप्पा असायच्या. मला वाटायचं, सरांना वारा आवडतो. मी विचारलंही होतं, आणि होय, वारा चांगला असतो इथं, असं त्यांनी सांगितलं होतं. त्यांच्या डब्यात ज्वारीची भाकरी, ठेचा, कधी अंबाडीची भाजी. पळायला लागल्यापासून मला दुपारी अशी भूक लागायची, की पाय आपोआप गाड्याकडे वळायचे. सरांनी ते ओळखलं. "आधी पाणी पी. मग सांग भूक होती का तहान." मी पाणी प्यायलो आणि म्हणालो भूक होती. ते बराच वेळ हातातल्या भाकरीकडे बघत राहिले. आता कळतं, त्या वेळात त्यांच्या मनात काय काय येऊन गेलं असेल. मग त्यांनी भाकरी मोडली आणि अर्धी माझ्यापुढे धरली. "घरी सांगू नको," असं मात्र ते म्हणाले नाहीत. म्हणायला हवं होतं. एवढा शहाणा माणूस, एवढं एक वाक्य त्याला सुचू नये, याचा मला आजही राग येतो.

तीनचार महिने मी ती अर्धी भाकरी खाल्ली. काट्यावर बावन्नचे सेहेचाळीस झाले आणि घरात रडारड सुरू झाली. पोरगं वाळायलंय की हो, म्हणून माय अण्णांच्या मागे लागली. अंगारे झाले, ताईत झाला, रात्रीच्या ताटात पुरणपोळ्या आल्या. अण्णांनी मला उभं करून गालाला हात लावून पाहिलं, बैल विकत घेताना बघतात तसं, आणि म्हणाले, दुखणं आहे काहीतरी. माझं पोरगं पहिल्यांदा ठणठणीत झालंय, असं त्या घरात कोणाच्याच डोक्यात आलं नाही.

मग तो बाजाराचा दिवस आला. सर खोखोचा संघ घेऊन परभणीला गेले होते. फाटकात कोणी उभं नव्हतं. माझ्या खिशात चार महिन्यांचे न खर्चलेले पैसे होते आणि बाजारामुळे मामांच्या कढईवर दुप्पट घाणा चालला होता. मी दोन खाईन म्हणून गेलो आणि घंटा होईपर्यंत खात सुटलो. पोरं भोवती उभी राहून मोजत होती, टाळ्या वाजवत होती, आणि मी पुन्हा एकदा वर्गातला मोठा माणूस झालो होतो. दिवस मावळायच्या आत घरी मला उलट्या आणि जुलाब सुरू झाले. माय घाबरून गेली. डॉक्टर आले, सलाईन लागलं. माय उशाशी बसून परत परत विचारत होती, "काय खाल्लास ते खरं सांग."

मला एवढंच दिसत होतं, की भजे म्हणालो तर उद्यापासून पैसे बंद. बारा वर्षांच्या पोराचा हिशोब दुसरा काय असणार? मी म्हणालो, "सरांची भाकरी."

मायच्या हातातला ओला फडका तसाच राहिला. तिनं दोन वेळा विचारलं, कोणत्या सरांची, आणि दोन्ही वेळा मी नाव सांगितलं. मग तिनं मला गोमूत्र पाजलं. अण्णा बाहेरच्या खोलीत होते. तिकडून चपला घातल्याचा आवाज आला.

चार दिवसांनी हेडमास्तरांच्या खोलीत मला उभं केलं. एका खुर्चीत अण्णा, टेबलामागे हेडमास्तर, आणि भिंतीला टेकून सर उभे. त्यांना बसायला कोणी सांगितलं नव्हतं. हेडमास्तरांनी विचारलं, भाकरी खाल्लीस का? होय. सरांनी दिली का? होय. किती दिवस? दिवाळीपासून. दुसरं काही खाल्लंस का, हा प्रश्न त्या खोलीत कोणी विचारला नाही. मी तिथं एकही शब्द खोटा बोललो नाही, आणि म्हणूनच मला कोणी खोटारडा म्हणू शकलं नाही. सरांनी माझ्याकडे पाहिलं. गाडेवाल्या मामांना नुसतं बोलावलं असतं तरी सगळं उघड झालं असतं, सगळ्या वर्गानं पाहिलेलं होतं. सरांनी बोलावलं नाही. भाकरी मी दिली, एवढंच ते म्हणाले. अण्णा म्हणाले, "आमच्या लेकरांना काय खायला घालायचं ते आता तुमी सांगनार का?" सरांनी त्याला उत्तर दिलं नाही. का दिलं नाही, म्हणून मी वर्षानुवर्षं त्यांच्यावर मनातल्या मनात चरफडलो. मोठा झाल्यावर समजलं, की त्या प्रश्नाला त्या खोलीत त्यांनी काहीही उत्तर दिलं असतं तरी त्याचा अर्थ एकच निघणार होता.

संस्थेची दुसरी शाळा सोनपेठकडे गोदावरीच्या काठच्या एका गावात होती. महिनाअखेरीला सरांची बदली तिकडे झाली. जायच्या दिवशी ते व्हरांड्यात एकटेच बूट घासत बसले होते. मी खांबाआड उभा होतो. वर न बघताच ते म्हणाले, "विलास, किती खाल्ले होते?"

मी म्हणालो, "बावीस."

"लय झाले," सर म्हणाले. मग बूट पायात घालून उठले आणि हजेरीपुस्तक द्यायला आत गेले.

काटा तिथंच राहिला. पावसाळ्यात गंजला, आणि एके दिवशी गाडेवाले मामा तो बटाटे जोखायला घेऊन गेले. मी मैदानावर जायचं सोडलं. दहावीला होतो तेव्हा मीच अंदाज करायचो की माझं ऐंशी असेल. जोखत मात्र नव्हतो.

सरांना मी पुन्हा पाहिलं ते नामांतर झालं त्या साली, चौऱ्याण्णवमध्ये. मी फौजदाराची लेखी परीक्षा पास झालो होतो. आमच्या घरात अशी नोकरी कोणाला नव्हती. अण्णांनी पेढे आधीच वाटून टाकले. आणि मैदानी चाचणीत, पळायच्या वेळी, मी अर्ध्या वाटेवर खाली बसलो. घड्याळ हातात घेतलेला शिपाई म्हणाला, उठा साहेब, बाजूला व्हा, मागचे येऊ द्या. परतीच्या गाडीत मला कोणाचीही आठवण झाली नाही, फक्त उलटे पळणारे सर आठवत राहिले. पुढच्याच आठवड्यात जिंतूरहून परभणी, परभणीहून सोनपेठ अशा एसट्या बदलत मी त्या गावी गेलो.

सरांचं घर शाळेला लागूनच होतं. केस पांढरे झाले होते. त्यांनी मला लगेच ओळखलं, आत बसवलं, काकूंनी चहा केला. कोनाड्यात बुद्धाची लहानशी मूर्ती होती आणि तिच्यापुढे ताजी फुलं. मी पळण्यात नापास झाल्याचं सांगितलं. मग जे सांगायला आलो होतो ते एका दमात सांगून टाकलं, की सर, मी त्या दिवशी बोलायला पाहिजे होतं, मला सगळं ठाऊक होतं, मी गप्प बसलो, माझ्यामुळे तुमचं असं झालं. सरांनी कप खाली ठेवला.

"तू बारा वर्षांचा होतास, विलास. त्या खोलीत आमी तिघं मोठे होतो."

मला वाटलं होतं ते रागावतील, निदान दोन शब्द सुनावतील, आणि माझं ओझं उतरेल. त्यांनी मला माफ करून मोकळं केलं आणि माझा नुसता संताप झाला. मी विचारलं, इथं पोरं पळतात का चांगली? इथं काटा आणलात का? ते म्हणाले, "न्हाई. इथं मी कुनाच्या ताटात बघत न्हाई. शिट्टी वाजवतो, रांगा लावतो, पगार घेतो." हे त्यांनी इतकं सहज सांगितलं, की काकूंनी कप उचलता उचलता माझ्याकडे पाहिलं आणि मान वळवली.

माझ्या एसटीला वेळ होता म्हणून सर मला फाटकापर्यंत सोडायला आले. मधली सुट्टी झाली होती. फाटकाशी गाडा होता. कढई, झारा, तोच काळ्या तेलाचा वास. पोरांचा घोळका पडला होता आणि त्यात एक अकराबारा वर्षांचा मुलगा होता, शर्टाची खालची दोन बटणं न लागणारा, दोन्ही हातांत कागद धरलेला. बाकीची पोरं त्याला काहीतरी म्हणून चिडवत होती आणि तो खाताखाता हसत होता. सर त्याच्यापासून चार हातांवर उभे होते. मी सरांच्या तोंडाकडे बघत राहिलो. आता बोलतील, आता त्याला नावानं हाक मारतील, सकाळी सातला मैदानावर ये म्हणतील.

सरांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, चल, तुझी गाडी यायची वेळ झाली. मला ओरडून सांगावंसं वाटलं, सर, बोला हो त्याला. पण ते सांगायचं तोंड मला कुठं राहिलं होतं? मुलाचे भजे संपले, त्यानं कागद खाली टाकला आणि आणखी घ्यायला पुन्हा गाड्याकडे वळला, आणि आम्ही दोघं त्याच्याकडे न बघता स्टँडच्या वाटेला लागलो.